लिओ फेंडर : मंद्र स्वराला विजेचे बळ देणारा कारागीर

एखाद्या वादकाला आपल्या बास गिटारचा आवाज आवडेनासा झाला, की त्याच्या मनात पहिला विचार येतो तो पिकअप बदलण्याचा. तारांच्या खाली बसवलेली ती काळी डबी म्हणजे चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढे घेतलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. तिच्यातून निघणारा क्षीण विद्युतप्रवाह हाच त्या वाद्याचा आवाज. बाजारात आज शेकडो पर्याय आहेत. ते नीट पारखू गेले तर ध्यानात येते, की त्यातील बहुतेक आकार एकाच माणसाच्या टेबलावरून आलेले आहेत. त्या माणसाचे नाव लिओ फेंडर. गंमत अशी, की त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

क्लॅरेन्स लिओनायडस फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात झाला. ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाल्याने तो डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसला. मामांच्या दुकानात पाहिलेल्या रेडिओने या मुलाला जे वेड लावले ते जन्मभर टिकले. शिक्षण मात्र त्यांनी हिशेबनिसीचे घेतले. महामंदीच्या दिवसांत एकामागून एक नोकऱ्या गेल्यावर १९३८ मध्ये सहाशे डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. गावोगावचे वादक आपले ध्वनिवर्धक दुरुस्तीसाठी तेथे आणू लागले. त्यांच्या तक्रारी ऐकता ऐकताच फेंडर यांना पुढील आयुष्याचे काम सापडले.

१९४३ च्या सुमारास डॉक कॉफमन या मित्राबरोबर त्यांनी एक नवा पिकअप तयार केला. त्याची चाचणी घ्यायची तर तारा ताणून बसवण्यासाठी काहीतरी हवे, म्हणून एक भरीव लाकडाची ओबडधोबड गिटार बनवली. आसपासच्या वादकांना तिचा आवाज इतका आवडला, की ते ती कार्यक्रमांसाठी मागून नेऊ लागले. म्हणजे येथे गिटारसाठी पिकअप नव्हे, पिकअपसाठी गिटार जन्माला आली. फेंडर यांच्या साऱ्या कामाची किल्ली आम्हाला या प्रसंगात दिसते. कॉफमन यांच्याबरोबरची भागीदारी १९४६ मध्ये संपली. फेंडर यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि १९५० च्या सुमारास त्यांची भरीव अंगाची विद्युत गिटार बाजारात आली.

त्या काळी वाद्यवृंदात मंद्र स्वर धरण्याचे काम माणसाच्या उंचीचा डबल बास करीत असे. तो वाहून नेणे कष्टाचे, त्यातून विद्युत गिटार आणि ढोलांच्या गदारोळात त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय त्याला पडदे नसल्याने सूर अचूक लागण्यासाठी वर्षांची तालीम लागे. १९५१ च्या अखेरीस फेंडर यांनी पडदे असलेली, चौतीस इंच लांबीच्या तारांची, गळ्यात अडकवता येणारी बास गिटार आणली. सूर नेमका लागतो म्हणून तिचे नाव प्रिसिजन बास. जाझ संगीतातील माँक माँटगोमेरी यांनी लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात १९५३ च्या सुमारास ती वाजवली, तेव्हा या वाद्याची दखल घेणे जुन्या मंडळींना भाग पडले.

या पहिल्या बासवर एकच साधा पिकअप होता. प्रत्येक तारेखाली एक चुंबकी खुंटी. तार छेडताच पहिला आघात एवढा जोरदार उमटे, की ध्वनिवर्धकाच्या कर्ण्यांना तो सोसत नसे. दुसरा दोष गुणगुणीचा. घरच्या विजेच्या तारांतून सतत पसरणारी कंपने एकेरी वेटोळे निमूटपणे टिपते आणि ती मधमाशांसारखी ऐकू येतात. १९५७ मध्ये फेंडर यांनी पिकअपचे दोन तुकडे केले. जाड दोन तारांना एक, बारीक दोन तारांना दुसरा. प्रत्येक तारेच्या खाली एकाऐवजी तिच्या दोन बाजूंना दोन खुंट्या आल्या, त्यामुळे आघात मऊ झाला. दोन्ही तुकड्यांतील चुंबकांची दिशा आणि तारेचे वेढे एकमेकांच्या उलट ठेवल्याने बाहेरून येणारी गुणगुण परस्पर वजा होई, तारेचा स्वर मात्र शाबूत राही, कारण प्रत्येक तार एकाच तुकड्यापुढे थरथरते. इतका साधा आणि इतका टिकाऊ तोडगा विद्युत वाद्यांच्या इतिहासात क्वचितच आढळेल. हा पिकअप आज बदलणाऱ्याने एवढे जाणून घ्यावे, की गुणगुणीचा प्रश्न त्यात मुळातच सुटलेला आहे. निवड करायची ती स्वराच्या पोताची.

१९६० मध्ये आलेल्या जाझ बासची गोष्ट निराळी. तिच्यावर दोन सडपातळ पिकअप, एक दांडीच्या बाजूला, दुसरा घोडीजवळ. घोडीजवळ तारेची हालचाल थोडी असते, म्हणून तेथला स्वर टोकदार, तर दांडीकडचा भरदार. दोन्ही पूर्ण उघडले की गुणगुण जाते. एकाचा आवाज कमी केला की ती परतते. पुढे जाको पास्तोरियस यांनी याच बासच्या घोडीजवळच्या पिकअपमधून जो बोलका स्वर काढला, त्याने साऱ्या पिढीचे कान बदलले. या बासचा एकच पिकअप बदलणाऱ्यांची हमखास फसगत होते. नव्याची चुंबकी दिशा व वेढे जुन्याशी जुळले नाहीत, तर एकतर गुणगुण कायम राहते, नाही तर दोन्ही स्वर एकमेकांना खाऊन आवाज पोकळ होतो. शिवाय दांडीकडचा पिकअप सामान्यतः किंचित आखूड असतो. मागवण्याआधी माप घेतलेले बरे!

या यशाच्या काळातच फेंडर यांची प्रकृती ढासळत होती. घशा-नाकातील जंतुसंसर्ग वर्षानुवर्षे हटेना आणि आपण फार दिवसांचे सोबती नाही अशी त्यांची समजूत झाली. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी आपली कंपनी सीबीएस या उद्योगसमूहाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्यानंतर काही वर्षांतच दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचारांनी ते खडखडीत बरे झाले. आपले नाव कोरलेली वाद्ये आता दुसऱ्यांच्या हुकमाने बनत होती आणि करारामुळे दहा वर्षे त्यांना स्पर्धेत उतरण्याची मुभा नव्हती. सुखाने निवृत्त होण्याइतका पैसा गाठीशी असलेल्या या साठीच्या गृहस्थाने काय केले? पुन्हा टेबलाशी बसून तारा गुंडाळू लागला.

इकडे सीबीएसच्या काळातील वाद्यांचा दर्जा उतरल्याची तक्रार वादकांत वाढत गेली आणि सत्तरच्या दशकात बदली पिकअपचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. डिमार्झिओ, बार्टोलिनी, सेमूर डंकन ही नावे त्याच दशकातली. त्यांच्या यशात फेंडर यांच्या जुन्या कारखान्याविषयीच्या नाराजीचा वाटा मोठा होता, असे आम्हाला वाटते.

करार सरताच फेंडर म्युझिक मॅन कंपनीत उघडपणे अध्यक्ष झाले आणि १९७६ मध्ये स्टिंगरे बास आली. तिच्यावर एकच मोठा पिकअप. खाली दुहेरी वेटोळे, वर आठ जाड खुंट्या, सोबत बॅटरीवर चालणारे छोटे ध्वनिवर्धक मंडल, जे टॉम वॉकर यांच्या कामातून साकारले. स्वर खणखणीत आणि दमदार. तो पिकअप दुसऱ्या बासमध्ये बसवायचा तर लाकूड कोरावे लागते, आणि कोरलेले लाकूड परत येत नाही, हे उत्साही मंडळींनी आधी ध्यानात घ्यावे.

१९७९ मध्ये पत्नी एस्थर यांचे कर्करोगाने निधन झाले. १९३४ पासूनचा संसार संपला. त्याच सुमारास जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही कंपनी सुरू केली. येथे त्यांनी स्वतःचीच जुनी रीत मोडली. आजवर खुंटी हीच चुंबक असे. आता चुंबक तळाशी सिरॅमिकचा, आणि वर उंची कमी-जास्त करता येणारे लोखंडी स्क्रू. चुंबक जबर असल्याने वेढे कमी पुरतात, आणि वेढे कमी म्हणजे तार-स्वराची चमक जास्त. आजचे ग्राहक पिकअपच्या कागदावरचा रोधाचा आकडा वाचून मोठा आकडा म्हणजे चांगला माल असे समजतात. फेंडर यांची ही अखेरची रचना त्या समजुतीला सरळ खोटे पाडते. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो खरा, पण त्याबरोबर तो गढूळही होतो. बरेचदा तर नवा पिकअप घेण्याआधी जुन्याची उंची स्क्रूने थोडी खालीवर करून पाहिली तरी तक्रार मिटते. फार वर असलेला चुंबक तारेलाच ओढतो आणि स्वर डळमळतो.

अखेरच्या वर्षांत त्यांना पार्किन्सनने गाठले. हात थरथरत, तरी रोज कारखान्यात येण्याचा क्रम चुकला नाही. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथे त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही ते आपल्या टेबलाशी काम करीत होते. जी अँड एलने त्यांची ती खोली पुढे अनेक वर्षे होती तशीच ठेवली.