जुनी बोट आणि वालचंदशेठ

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांबरोबर काशीला गेलो होतो. मणिकर्णिका घाटावर चिता सतत जळत असतात, हे ऐकून माहीत होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर काही वेळ मला बोलताच आले नाही. सरणाची लाकडे नावांतून येत होती. थोड्या अंतरावर एक जुनी नाव पायऱ्यांवर उपडी घातली होती. दोन माणसे तिच्या फळ्यांच्या फटी बुजवून वरून डांबर लावत होती. शाळेत बोट पाण्यात घालण्याआधी आम्हालाही तळ तपासायला लावतात, म्हणून मी तिथेच उभा राहिलो. ही नाव अजून चालेल का, असे मी आजोबांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. शेजारच्या घाटाकडे बोट दाखवून तो कोणाचा ते ओळखायला सांगितले.

तो शिंदे घाट. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो १८३० च्या सुमारास बांधला. पाण्याच्या कडेला एक देऊळ चक्क तिरके उभे आहे. शिंदे म्हटले की आम्हा कॅडेटना पानिपत आणि महादजी आठवतात. आमचे आजोबा सोलापूरचे असल्यामुळे त्यांना आठवले ते सोलापूरचे वालचंद हिराचंद, कारण त्यांच्या जहाज कंपनीच्या नावातही शिंदेच आहेत. त्या संध्याकाळी धर्मशाळेत मी वालचंदशेठांची गोष्ट ऐकली आणि परत आल्यावर वाचनालयात बसून जमेल तेवढी वाचली. मणिकर्णिका हे झाशीच्या राणीचे लहानपणचे नाव असल्यामुळे मी तिच्यावरच लिहिणार असे वर्गात सगळ्यांना वाटत होते. त्यांची मी क्षमा मागतो.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणे गुजराती जैन, पण कित्येक वर्षे महाराष्ट्रात राहिलेले. घरी कापसाचा आणि सावकारीचा धंदा होता. कॉलेज अर्धवट सोडून ते त्या धंद्यात आले, पण पेढीवर बसणे त्यांना मानवले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचे कंत्राट घेतले. आधी रूळ, मग पूल, पुढे लष्करासाठी बांधकामे असे काम वाढत गेले. ते सगळे सांगत बसत नाही, कारण खरी गोष्ट समुद्रावरची आहे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा भारताच्या किनाऱ्यावरचा आणि परदेशी जाणारा जवळजवळ सगळा व्यापार ब्रिटिश बोटींच्या हातात होता. त्यांच्याशी टक्कर देण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. जमशेटजी टाटांनी १८९३ मध्ये जपानला जाणारी बोटींची लाइन सुरू केली. समोरच्या कंपनीने भाडे इतके पाडले की त्यांना ती बंद करावी लागली. तुतिकोरिनचे चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी कंपनी काढली. तिच्याशीही भाडेयुद्ध झाले आणि १९०८ मध्ये खुद्द चिदंबरम तुरुंगात गेले. तिथे त्यांना बैलासारखे तेलाच्या घाण्याला जुंपले. वालचंदांना हे माहीत नसेल असे मला वाटत नाही. तरीही एका रेल्वे प्रवासात ग्वाल्हेरच्या महाराजांची बोट विकायला निघाल्याचे कानावर आले आणि ते तिच्या मागे लागले.

बोटीचे नाव 'लॉयल्टी'. ती नवी नव्हती. १८९० मध्ये इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस येथे ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचे नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया' होते. सुमारे ५,९०० टनांची, ताशी १६ सागरी मैल जाणारी पांढरी आगबोट. दोन धुराडी आणि तीन डोलकाठ्या. पुढचा भाग शिडाच्या जुन्या जहाजासारखा निमुळता, पुढे झुकलेला. चित्रात ती अर्धी आगबोट आणि अर्धे गलबत वाटते. वीसेक वर्षे तिने पॅसिफिक महासागरात कॅनडा ते हाँगकाँग अशा फेऱ्या केल्या. महायुद्ध सुरू झाल्यावर माधवराव शिंदे महाराजांनी ती घेतली आणि जखमी सैनिकांसाठी तिचे इस्पितळ केले. 'लॉयल्टी' हे नाव तेव्हाचे. म्हणजे वालचंदांच्या हाती आली तेव्हा ती जवळपास २८ वर्षांची होती आणि युद्धाची चार वर्षे तिने इस्पितळ म्हणून काढली होती.

नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास हे व्यापारी त्यांच्याबरोबर उभे राहिले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. सिंदिया म्हणजे शिंदेच, इंग्रजी उच्चाराने. ५ एप्रिलला बोटीने मुंबई सोडली आणि ती लंडनकडे निघाली. कंपनी आणि प्रवास यांत अवघे नऊ दिवस. आमच्या ट्रेकची तयारी यापेक्षा जास्त दिवस चालते!

तयारी मात्र ट्रेकची नव्हती. इस्पितळाच्या बोटीवर पुन्हा तिकीट काढून बसणारे प्रवासी घ्यायचे होते. मुंबई ते लंडन सुवेझमार्गे ६,००० सागरी मैलांहून जास्त अंतर आहे. त्या काळची बोट म्हणजे पाण्यावर चालणारी कोळशाची भट्टीच. वाटेतल्या बंदरांत कोळसा भरत जावे लागे आणि बॉयलरमध्ये आधी आग घालून वाफ धरल्याशिवाय बोट जागची हलत नसे. अशा बोटींवर खलाशांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल आणि तळाशी बॉयलरपुढे फावड्याने कोळसा ओढणारे आगवाले असत. ते बहुतेक आपलेच लोक. कोकणातल्या, गोव्यातल्या कितीतरी घरांतली माणसे या कामावर जात. परंतु वर जिथून बोट चालवतात तिथले अधिकारी इंग्रज असत. बोट हिंदी, पैसा हिंदी, घाम हिंदी आणि हुकूम परक्याचा, ही अडचण नऊ दिवसांत सुटणारी नव्हती.

वालचंद स्वतः त्या प्रवासाला गेले. माझ्या मते ही त्यांची सर्वांत धाडसाची गोष्ट आहे. जुन्या बोटीत दुसऱ्याला पाठवणे सोपे असते.

बोट पोचली. पण पुढे 'लॉयल्टी'ने पैसा मिळवून दिला असे मी लिहिले तर ते खोटे होईल. जुनी यंत्रे कोळसा खात होती आणि प्रवासी वाहतूक परवडत नव्हती. कंपनीने मालवाहू बोटी घेऊन ब्रह्मदेशच्या बाजूचा व्यापार धरला. तिथे लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांशी भाडेयुद्ध झालेच. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात सिंदियाने किती बोटी चालवायच्या यावर बंधन आले आणि प्रवासी वाहतूक तर बंदच झाली. पुष्कळांना ती शरणागती वाटली. माझेही मत आधी तसेच होते. आता वाटते की टाटांची लाइन आणि चिदंबरम यांची कंपनी बुडाली तिथे ही तरली, याला काही किंमत आहे. त्याच वर्षी 'लॉयल्टी' मुंबईत मोडीत निघाली.

अधिकाऱ्यांची अडचण सुटायला आणखी काही वर्षे गेली. आपली मुले जहाजावर अधिकारी व्हावीत, असा हिंदी पुढाऱ्यांचा आणि जहाजमालकांचा आग्रह होता. शेवटी सरकारने १९२७ मध्ये 'डफरिन' ही बोट माझगावपाशी नांगरून तिच्यावर प्रशिक्षण सुरू केले. गंमत म्हणजे हीसुद्धा जुनीच. सैनिकांची ने-आण करणारी ही बोट १९०४ मध्ये, त्याच बॅरोमध्ये बांधलेली. तिच्यावर शिकणारी मुले आमच्याएवढी. घर सोडून बोटीवर राहायचे, तिथेच वर्ग भरायचे. हे वाचताना मला आमच्या डॉर्मिटरीतली पहिली रात्र आठवली. पहिल्या तुकडीत रामदास कटारी नावाचा एक मुलगा होता. १९५८ मध्ये तो भारतीय नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. 'डफरिन'वरून निघालेल्या मुलांना सिंदियाने आपल्या बोटींवर घेतले.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि कंपनीची सूत्रे वालचंदांकडे आली. नंतर त्यांनी जे केले ते कॅडेटना निदान नावाने तरी माहीत असते. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, तोच आजचा एचएएल. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. दुसऱ्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. तरी कारखाना उभा राहिला आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरली. ही बोट कोणाकडून जुनी घेतलेली नव्हती. तेव्हा वालचंद ६५ वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला.

काशीला तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा घाटावर गेलो, तेव्हा ती उपडी नाव पाण्यात होती. थोडे पाणी आत येत होते आणि नावाडी ते डब्याने उपसत होता. आजोबा तिच्यातच बसले, म्हणून मलाही बसावे लागले.

१९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. तो पाहायला वालचंदशेठ नव्हते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला ते वारले. 'लॉयल्टी'ने मुंबई सोडली त्याला तेव्हा ३४ वर्षे आणि तीन दिवस झाले होते.