रोज एक मिलिमीटर : डॉ. इलिझारोव्ह यांचे जीवनकार्य

हाडांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलेला असा एखादा रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायाभोवती तीन-चार पोलादी कड्या, त्या कड्यांना जोडणाऱ्या आटे पाडलेल्या सळया आणि कातडीतून, हाडातून आरपार गेलेल्या बारीक तारा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तो रुग्ण मात्र काठी घेऊन उठतो आणि त्याच पायावर भार देत चालू लागतो. या सांगाड्याला सगळे इलिझारोव्ह म्हणतात. पुष्कळांना ते परदेशी कंपनीचे नाव वाटते. वास्तविक ते एका माणसाचे नाव आहे, आणि त्या माणसाची हकिकत आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

गाव्रिल अब्रामोविच इलिझारोव्ह यांचा जन्म १५ जून १९२१ रोजी पोलंडमधील बियावोव्हिएझा या गावी एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. भावंडांत ते थोरले. पुढे कुटुंब अझरबैजानच्या डोंगराळ भागातील कुसार येथे, वडिलांच्या मूळ गावी, राहायला आले. वडील लवकर गेले आणि घरच्या कामाचा भार कोवळ्या वयातच अंगावर पडला. शाळेत जायला मिळाले ते वयाची दहा वर्षे उलटल्यावर. मात्र एकदा शाळेची गोडी लागल्यावर त्यांनी राहिलेल्या इयत्ता भराभर भरून काढल्या. लहानपणी औषध फवारलेली फळे खाऊन ते मरणाच्या दारी पोचले होते आणि गावच्या साध्या वैद्यकीय मदतनिसाने त्यांना वाचवले, तेव्हापासून डॉक्टर होण्याचे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात.

१९३९ साली त्यांना क्रिमियातील सिम्फेरोपोलच्या वैद्यकीय संस्थेत प्रवेश मिळाला. दोन वर्षांतच महायुद्ध दारात आले. संस्था उठून दूर कझाकस्तानात किझिलोर्दा येथे गेली आणि तिथेच १९४४ साली शिक्षण पूर्ण झाले. सरकारने नेमणूक दिली ती पश्चिम सैबेरियातील कुर्गान प्रांतात, डोल्गोव्का नावाच्या खेड्यात. बाळंतपण असो, पोटदुखी असो की कुऱ्हाडीचा घाव, तेवीस वर्षांच्या या तरुण डॉक्टरलाच सगळे पाहावे लागे. हिवाळ्यात बर्फातून घोड्याच्या घसरगाडीने रुग्णाकडे जायचे, कधी छोट्या विमानाने.

युद्ध संपले तसे सैनिक घरी परतू लागले. कोणाचे हाड वर्षानुवर्षे जुळलेले नाही, कोणाच्या हाडात पू झालेला, कोणाचा एक पाय आखूड. त्या काळचा मुख्य उपाय म्हणजे प्लास्टर किंवा पायाला वजन लटकवून महिनोन् महिने खाटेवर पडून राहणे. हाड जुळले तरी तोवर गुडघा आखडून जाई आणि मांडीचे स्नायू वाळून जात. तरुण इलिझारोव्ह यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो असा : मोडलेली टोके घट्ट धरून ठेवायची, पण माणसाला हिंडते-फिरते ठेवायचे, या दोन्ही गोष्टी एकदम कशा साधाव्यात?

१९५० साली ते कुर्गान शहराच्या प्रांतिक रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून आले. मॉस्कोपासून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर, तोबोल नदीकाठचे हे शहर. १९५१ साली त्यांचे उपकरण आकाराला आले. घोड्याच्या साजावरील लाकडी कमान पाहून ही कल्पना सुचली, केरसुणीच्या दांड्याचे दोन तुकडे करून त्यावर पहिला प्रयोग झाला आणि तारा म्हणून सायकलचे स्पोक वापरले गेले, अशा गोष्टी त्यांच्याविषयी सांगितल्या जातात.

आमच्यासारख्या यंत्रविषयात डिप्लोमा करून सरकारी नोकरीत आलेल्या माणसाला या उपकरणाचे विशेष कौतुक वाटते ते त्याच्या साधेपणामुळे. त्यातील तार दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाडीची. नुसती हातात घेतली तर बोटाने वाकेल. पण तीच तार कडीच्या दोन बाजूंना बांधून शंभरेक किलोच्या ताणाने ओढली, की तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ होते. सायकलचे चाक एवढ्याशा तारांवर माणसाचे वजन पेलते, त्यातलेच हे तत्त्व. अशा तारा एकमेकींना छेदून हाडातून घातल्या की हाड कडीच्या मधोमध पकडले जाते, बाजूला सरकत नाही. रुग्ण पाय टेकतो तेव्हा मात्र तारा किंचित लवतात आणि हाडाला वर-खाली अगदी सूक्ष्म हेलकावा मिळतो. हाच हेलकावा हाड भरून येण्याला मदत करतो. म्हणजे इथे चालणे हा बरे झाल्यानंतरचा भाग नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

१९५२ साली त्यांनी या शोधाच्या नोंदणीसाठी अर्ज केला आणि १९५४ साली त्यांना प्रमाणपत्र मिळाले. पण याहून मोठा शोध पुढे यायचा होता, आणि तो चुकीतून आला असे सांगतात. न जुळलेल्या हाडाची टोके एकमेकांवर दाबण्यासाठी नट रोज थोडा फिरवायचा, असे एका रुग्णाला सांगितले होते. त्याने तो उलट्या दिशेने फिरवला. टोके जवळ येण्याऐवजी लांब गेली. क्ष-किरण चित्र पाहिले तर मधल्या फटीत नवे हाड धरू लागलेले! दुसऱ्या कोणी रुग्णाला दटावून नट पुन्हा सरळ फिरवला असता. इलिझारोव्ह त्या चित्रापाशी थांबले.

त्यानंतर वर्षानुवर्षे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून या गोष्टीचे गणित बसवले. हाडाचे बाहेरचे कवच हलक्या हाताने कापायचे, वरचे आवरण आणि आतली मज्जा शक्य तितकी जपायची. पाच-सात दिवस थांबायचे. मग टोके हळूहळू लांब करायची. किती हळू? दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढले तर हाड मध्येच जुळून घट्ट होते. दोन मिलिमीटर ओढले तर नवे हाड नीट धरत नाही आणि नसा, रक्तवाहिन्या, स्नायू यांना इजा होते. एक मिलिमीटर योग्य. तेही एकदम न ओढता दर सहा तासांनी पाव मिलिमीटर, असे चार वेळा. एवढ्या संथ ताणाखाली हाडच नव्हे, तर त्याच्याबरोबर कातडी, रक्तवाहिन्या आणि नसाही वाढतात. शरीराबाहेरून हाड आणून बसवायची गरज नाही. मधला सडका भाग काढून टाकला तरी निरोगी भागाचा एक तुकडा कापून तो रोज एक मिलिमीटर सरकवत नेता येतो, आणि त्याच्या मागे रिकाम्या जागेत नवे हाड तयार होत जाते.

आता कोणालाही वाटेल की अशा शोधाचे दुसऱ्या दिवशी सगळीकडे स्वागत झाले असेल. तसे झाले नाही. राजधानीतील नामांकित तज्ज्ञांना हे नट-बोल्टचे काम फिटरचे वाटले, डॉक्टरचे नव्हे. दूरच्या प्रांतातील, कोणा मोठ्या गुरूचा शिष्य नसलेला हा डॉक्टर हाड ओढून वाढवतो म्हणतो, यावर विश्वास कोण ठेवणार? प्रमाणपत्र मिळाल्यानंतरची दहा-बारा वर्षे अशीच गेली. कुर्गानमध्ये माणसे बरी होऊन चालत घरी जात होती आणि त्याच देशात इतरत्र तशाच माणसांचे पाय कापले जात होते. इलिझारोव्ह यांच्या चरित्रातील ही गोष्ट मनाला सर्वांत जास्त लागते. उपाय अस्तित्वात होता, पण तो चुकीच्या पत्त्यावर जन्मला होता.

हे चित्र पालटले ते एका खेळाडूमुळे. व्हॅलेरी ब्रुमेल हे उंच उडीतील १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकचे सुवर्णपदक विजेते. २.२८ मीटरचा जागतिक विक्रम त्यांच्या नावावर होता. १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात त्यांच्या पायाचा चुराडा झाला. मॉस्कोत शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, हाड जुळेना, पाय आखूड झाला. शेवटी ते कुर्गानला आले. इलिझारोव्ह यांनी हाड जुळवले आणि पायाची लांबीही भरून काढली. ब्रुमेल पुन्हा मैदानात उतरले आणि त्यांनी दोन मीटरच्या वर उडी मारून दाखवली. साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांतून कुर्गानचे नाव झाले. १९६८ साली इलिझारोव्ह यांनी कनिष्ठ पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधाला थेट उच्च डॉक्टरेट देण्यात आली. १९७१ साली कुर्गानमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली.

पाश्चात्त्य देशांचे दार उघडायला आणखी दहा वर्षे लागली. कार्लो माउरी हे इटलीचे गिर्यारोहक, गाशेरब्रुम ४ या शिखरावर प्रथम पोचलेल्या दोघांपैकी एक. बर्फावर घसरून मोडलेला त्यांचा पाय नीट जुळला नव्हता, वाकडा आणि आखूड राहिला होता. थॉर हेयरडाल यांच्या रा नौकेवरील प्रवासात त्यांची सोव्हिएत डॉक्टर युरी सेंकेविच यांच्याशी मैत्री झाली आणि त्यांच्याकडून कुर्गानचा पत्ता मिळाला. १९८० साली माउरी तिथे गेले आणि सरळ पायाने परतले. त्यांच्या इटलीतील डॉक्टरांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. १९८१ साली इटलीतील बेलाजिओ येथे परिषद भरली आणि तिथे इलिझारोव्ह यांनी आपले काम पाश्चात्त्य तज्ज्ञांपुढे मांडले. त्यानंतर लेक्को येथे हे उपचार सुरू झाले, पुढे अमेरिकेतही पोचले. उपकरण प्रथम तयार झाल्यापासून बेलाजिओपर्यंत तीस वर्षे गेली होती.

माणूस म्हणून ते कामात कडक आणि विलक्षण कष्टाळू होते. हातचलाखीच्या जादूचे प्रयोग करण्याची मात्र त्यांना मोठी हौस. बोटांची ती सफाई शस्त्रक्रियेतही कामी येत असणार! मोठेपण आल्यावरही त्यांनी कुर्गान सोडले नाही. २४ जुलै १९९२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्यांच्या मागे संशोधन थांबलेले नाही. १९९२ सालीच, जन्मतः लहान राहिलेला खालचा जबडा याच पद्धतीने वाढवल्याचा अहवाल अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. कड्यांना सहा तिरप्या दांड्या जोडून, संगणकाच्या हिशेबाने वाकडे हाड सरळ करणारी उपकरणे आली. आता तर हाडाच्या पोकळीत सळई बसवून ती बाहेरून चुंबकाच्या साहाय्याने रोज वाढवता येते, तारांची गरजच राहत नाही. मधुमेहामुळे पायाला झालेल्या न भरणाऱ्या जखमांवरही चीनमधील डॉक्टर असा उपाय अजमावत आहेत. पायाच्या हाडाचा लहान तुकडा आडवा सरकवला की आसपास नव्या रक्तवाहिन्या फुटतात, हे त्यामागचे तत्त्व. साधने बदलली, पण ताण हळू द्यायचा हा कुर्गानचा नियम सुटलेला नाही. केवळ उंची वाढवण्याच्या हौसेने धडधाकट पाय कापून घेणारेही आता निघाले आहेत. जंतुसंसर्ग, आखडलेले सांधे, दुखावलेल्या नसा हे धोके त्यातही तेवढेच असतात, हे त्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्या घरांतून एक समजूत पक्की आहे. हाड मोडले की माणसाला हलू द्यायचे नाही. आजी उशाशी बसते, सून ताट खाटेवर आणून देते, येणारा प्रत्येक पाहुणा पाय टेकवू नकोस म्हणून बजावून जातो. सगळे प्रेमापोटीच. पण कड्या लावलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी चालायला सांगितले असताना आपण त्याला निजवून ठेवले, तर अर्धा उपचार आपणच बंद पाडतो. किती भार द्यायचा आणि कधी, हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण त्यांनी सांगितल्यावर त्याला उठवणे, तारांच्या मुळाशी रोज स्वच्छता ठेवणे, गुडघ्या-घोट्याचा व्यायाम चुकू न देणे आणि नटाचे चार फेरे वेळच्या वेळी फिरतात की नाही ते पाहणे, हे घरच्यांचे काम आहे.

आणि धीर देणे. हाड एक सेंटिमीटर वाढून घट्ट व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो. पाच सेंटिमीटरचा पल्ला असेल तर निम्मे वर्ष किंवा जास्तही जाते. चौथ्या महिन्यात रुग्ण कंटाळतो, हे काढून टाका म्हणतो. अशा वेळी त्याला कुर्गानच्या या डॉक्टरची हकिकत जरूर सांगावी. त्यांनी तीस वर्षे वाट पाहिली आणि तेवढी वर्षे रोज कामावर गेले. आपल्याला तर रोज एकच मिलिमीटर पुढे जायचे आहे.