राणी मारी दे मेदिची हिचें चित्र

स्पेन देशांतील माद्रिद शहरीं प्रादो नांवाच्या संग्रहालयांत फ्रान्सची राणी मारी दे मेदिची हिचें एक तैलचित्र आहे. रूबेन्स नामक विख्यात चित्रकारानें तें १६२२ च्या सुमारास काढिलें. राणीनें विधवेचीं काळीं वस्त्रें परिधान केलीं आहेत. पाठीमागील भाग मात्र अपुराच राहिला आहे. तिचें चरित्र बोधपर आहे, म्हणून तें आम्ही संक्षेपानें वाचकांपुढें ठेवितों.

तिचा जन्म १५७५ सालीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं धनाढ्य घराण्यांत झाला. १६०० सालीं फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याजशीं तिचा विवाह झाला. ह्याच राजानें १५९८ सालीं नान्तचें फर्मान काढून तेथील प्रॉटेस्टंट बंधूंस उपासनेची मोकळीक दिली होती. १३ मे १६१० रोजीं राणीस राज्याभिषेक झाला, आणि दुसऱ्याच दिवशीं राजाचा खून झाला. पुत्र लुई आठ वर्षांचा होता, म्हणून राज्यकारभार तिच्या हातीं आला. तिनें पतीचें फर्मान कायम ठेविलें, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे.

परंतु पुत्र वयांत आल्यावरही तिच्यानें सत्ता सोडवेना. १६१७ सालीं त्यानें तिच्या मर्जींतील कोंचिनी यास ठार करविलें व आईस ब्ल्वा येथें धाडिलें. १६१९ सालीं ती तेथून निसटली. पुढें उभयतांचा समेट झाला. मग तिनें पॅरिस येथील आपल्या लक्झेम्बर्ग राजवाड्यासाठीं रूबेन्सकडून २४ भव्य चित्रें काढविलीं. तिला पॅरिस सोडावें लागलें त्या प्रसंगाचें चित्र मात्र वगळून, त्याऐवजीं तिच्या कारभाराच्या भरभराटीचें चित्र लाविलें गेलें. भिंतीवर तो प्रसंग दिसेनासा झाला. अंतःकरणांतील शल्य राहिलें.

१६३० सालीं प्रधान रिशल्यू यास काढावें असा तिनें हट्ट धरिला. तो तिनेंच वर आणलेला मनुष्य. पण राजानें त्याचाच पक्ष घेतला. १६३१ सालीं तिनें देश सोडिला, आणि मायलेकांची पुन्हां भेट झाली नाहीं. ३ जुलै १६४२ रोजीं कोलोन शहरीं ती हलाखींत मरण पावली. पुढल्याच वर्षीं पुत्रही वारला.

प्रियहो, आपल्या मंडळ्यांतही एका छपराखालीं राहून वर्षानुवर्षें अबोला धरणारीं मायलेकरें आहेत. लोकांपुढें आपण चांगलें तेवढेंच चित्र टांगतों. प्रभु मात्र पाठीमागचा अपुरा भागही पाहतो. त्या राणीचीं अखेरचीं अकरा वर्षें समेटावांचून गेलीं. आपण तरी येत्या प्रभुभोजनापूर्वीं, वाट न पाहतां, एकमेकांच्या दारीं जावें.