मज्जातंतूंचा चित्रकार

आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा शास्त्रज्ञांशी संबंध शाळेच्या पाठ्यपुस्तकाबरोबरच संपतो. तरीही सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाची ओळख मी या अंकातून करून देत आहे. कारण हा माणूस मुळात आपल्याच गोत्रातला. त्याला चित्रकार व्हायचे होते.

काहालचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतिया दे आरागोन या खेड्यात झाला. वडील डॉक्टर, कष्टाने वर आलेले आणि तितकेच करारी. चित्रे काढणे म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे त्यांचे ठाम मत. मुलगा मात्र दिसेल त्या भिंतीवर रेघोट्या ओढणार. खोड्यांनाही सुमार नव्हता. अकराव्या वर्षी स्वतः बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक फोडून त्याने कोठडीची हवाही खाल्ली. तो ताळ्यावर यावा म्हणून वडिलांनी त्याला न्हाव्याकडे आणि जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवून पाहिले. अखेर १८६८ साली त्यांनी त्याला दफनभूमीत नेले, मानवी हाडे गोळा केली आणि अभ्यासाला दिली. हाडे चितारता चितारता मुलगा शरीररचनाशास्त्रात रमला. बंदी घातलेली चित्रकला अशी मागच्या दाराने घरात आली!

१८७३ मध्ये तो सारागोसा येथून डॉक्टर झाला. लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबात गेला आणि हिवतापाने खंगून १८७५ मध्ये परतला. पुढे साठवलेल्या पैशांतून त्याने सूक्ष्मदर्शक विकत घेतला.

मेंदू आणि मज्जारज्जू म्हणजे एकसंध विणलेले जाळे, अशी त्या काळी प्रबळ समजूत होती. इटलीच्या कामिल्लो गोल्जीने चांदीच्या क्षाराने मज्जापेशी काळ्या रंगवण्याची रीत १८७३ मध्ये शोधली होती. पण तोही जाळ्याच्याच मताचा. काहालने ती रीत १८८७ मध्ये पाहिली, सुधारली आणि पुढच्याच वर्षी दाखवून दिले, की प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असते. ती शेजारणीला भिडते, तिच्यात मिसळत नाही. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. गोल्जीने त्या प्रसंगीच्या भाषणातही काहालचे मत खोडण्याचाच प्रयत्न केला.

एवढा मान मिळाल्यावर पुष्कळ जण थांबतात. काहाल मात्र त्याच सुमारास एका अधिक अवघड प्रश्नाला भिडला होता. तुटलेला मज्जातंतू पुन्हा जुळतो का?

हातापायांतील मज्जातंतू कापला, की कापापलीकडचा भाग मरतो. पण पेशीशी जोडलेल्या टोकाला नवे कोंब फुटतात आणि हळूहळू पलीकडे पोहोचतात. मज्जारज्जूची कथा निराळी. वाढत्या तंतूच्या टोकाशी असणारी फुगीर बोंडी काहालने १८९० मध्येच कोंबडीच्या गर्भात ओळखली होती. जखमी मज्जारज्जूतही त्याला नवे कोंब दिसले. थोडे दिवस ते वाढू पाहतात. पण जखम ओलांडण्यापूर्वीच थबकतात आणि सुकतात. पाठीचा कणा मोडून लुळा पडलेला माणूस पुन्हा उभा का राहत नाही, याचे उत्तर त्या सुकलेल्या कोंबांत होते.

मला काहाल सर्वांत मोठा वाटतो तो इथे. मज्जारज्जू जुळत नाही, एवढे लिहून त्याला प्रकरण मिटवता आले असते. पण त्याने ते अपयशी कोंबही निरखून कागदावर उतरवले. त्यामुळे प्रश्नाचे रूपच बदलले. तंतूत वाढण्याची शक्ती नाही, की भोवतालची जमीन त्याला पोसत नाही? १९११ मध्ये त्याचा शिष्य फ्रान्सिस्को तेयो याने सशाच्या मेंदूत पायाच्या मज्जातंतूचा तुकडा बसवला, तेव्हा मेंदूतले तंतू त्या तुकड्यात शिरले. म्हणजे दोष बराचसा जमिनीचाच!

१९१३-१४ मध्ये या संशोधनावरचा काहालचा ग्रंथ दोन खंडांत निघाला. त्याचा खर्च अर्जेंटिनातील स्पॅनिश डॉक्टरांनी उचलला. ग्रंथात त्याने कोणाला खोटी आशा दाखवली नाही. प्रौढ मज्जारज्जूतले तुटलेले मार्ग पुन्हा जुळत नाहीत, हे स्पष्ट सांगितले आणि हा कठोर निकाल फिरवण्याचे काम उद्याच्या विज्ञानावर सोपवले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी तो माद्रिदमध्ये वारला.

त्याने सोपवलेले काम पुढच्यांनी उचलले. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या मज्जातंतूचा पूल जोडला, तेव्हा त्यातून तंतू सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. पुढे झ्युरिकच्या मार्टिन श्वाब यांनी मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणातच वाढ अडवणारी द्रव्ये असल्याचे दाखवले. रुग्णाला पूर्ववत चालवणारा खात्रीचा उपाय अद्याप नाही. पण काहालने ज्या कोंबांची चित्रे काढली, त्यांनाच वाट करून देण्याची ही खटपट आहे.

त्याची रेखाचित्रे आजही मज्जाशास्त्राच्या पुस्तकांत छापली जातात. जे काढायचे ते आधी नीट पाहावे लागते, ही सवय त्याला चित्रकलेने लावली असावी, असे त्याचे आत्मचरित्र वाचताना मला सारखे वाटत राहिले. या सगळ्याचा पुढे उपयोग काय, हा प्रश्न आपल्यालाही घरीदारी ऐकावा लागतो. मी हल्ली वाद घालत नाही. काहालच्या वडिलांची गोष्ट सांगतो.