फादर तेयार द शार्दें, येशूसंघीय

धर्म आणि शास्त्र यांचें हाडवैर आहे, असा समज आजही पुष्कळांचा दिसतो. म्हणून या महोत्सवी अंकांत आम्ही एका धर्मगुरूचें चरित्र वाचकांपुढें ठेवितों.

पियेर तेयार द शार्दें यांचा जन्म ता. १ मे १८८१ रोजीं फ्रान्समध्यें झाला. १९११ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पहिल्या महायुद्धांत ते जखमी शिपायांस डोलींतून वाहून नेत. १९२३ सालीं भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून ते प्रथम चीनला गेले.

आदिपापाविषयींचें त्यांचें एक टिपण वरिष्ठांस खटकलें आणि पॅरिस येथील त्यांचें अध्यापन बंद झालें. ते पुन्हां चीनला गेले. १९२९ सालीं पेकिंगजवळ चौकौतियन येथें पेइ वेन्चुंग यांस प्राचीन मानवाची कवटी सांपडली. तेथील थरांचा काल ठरविण्याच्या कामीं फादरांचा मोठा वाटा होता. तो मानव कित्येक लक्ष वर्षांपूर्वींचा होय.

मानवाविषयींचा त्यांचा मुख्य ग्रंथ छापण्यासही अनुज्ञा मिळाली नाहीं. तरीही त्यांनीं शोध सोडला नाहीं, संघही सोडला नाहीं. ता. १० एप्रिल १९५५ रोजीं, पुनरुत्थानाच्या सणादिवशींच, न्यूयॉर्क येथें त्यांचा अंत झाला. ग्रंथ त्यानंतर छापला गेला. १९६२ सालीं रोमनें त्यांच्या लेखनाविषयीं सावधगिरीची सूचना दिली. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं आपल्या विश्वपत्रांत त्यांच्या कार्याची दखल घेतली.

त्यांचीं सर्वच मतें आम्हांस पटावींत असें नाहीं. परंतु ज्या हातांनीं ते खडक फोडीत, त्याच हातांनीं ते मिस्सा अर्पीत, हें आमच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलांनीं ध्यानांत ठेवावें.