मकबूल ते मक्तूल

इस्तंबूलला कधी गेलात, तर सुलतानअहमद चौकातला दगडी वाडा बघायला विसरू नका. आज तिथे तुर्की आणि इस्लामी कलेचं म्युझियम आहे. पाचशे वर्षांपूर्वी तिथे राहायचा इब्राहिम पाशा. 'मॅग्निफिसंट सेंच्युरी' बघितलेल्यांना हा गडी माहीत असेलच. पण सिरियलमधली प्रेमप्रकरणं बाजूला ठेवा, त्याची खरी गोष्ट जास्त भारी आहे.

ग्रीसच्या किनाऱ्यावरचं पार्गा हे त्याचं गाव. तेव्हा तिथे व्हेनिसची सत्ता होती. ख्रिस्ती घरातला हा मुलगा लहानपणीच गुलाम झाला आणि मनिसाचा कारभार बघणाऱ्या शहजादा सुलेमानच्या पदरी आला. दोघं साधारण एकाच वयाचे. इब्राहिमला भाषा यायच्या, तंतुवाद्य छान वाजवता यायचं. गट्टी जमली. १५२० मध्ये सुलेमान सुलतान झाला आणि १५२३ मध्ये त्याने या दोस्ताला थेट वजीर-ए-आझम, म्हणजे पंतप्रधान केलं. गुलामाचा वजीर होणं आपल्यालाही नवं नाही, निजामशाहीतला मलिक अंबर आठवा. पण इब्राहिमला ना सुभ्याचा अनुभव, ना लढाईचा! ज्याचा नंबर लागायचा तो अहमद पाशा इतका बिथरला, की इजिप्तला पाठवल्यावर त्याने बंडच केलं आणि जीव गमावला. मग तिथली घडी बसवायला गेला इब्राहिमच. १५२५ मध्ये त्याने इजिप्तच्या कारभाराचे नवे कायदे लावून दिले. म्हणजे नुसती वशिल्याची नेमणूक होती असं म्हणता येत नाही.

१५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा मेला. बुडाच्या राजवाड्यातले तीन ब्राँझचे पुतळे इब्राहिमने आणले आणि आपल्या वाड्यासमोर उभे केले. फिगानी नावाच्या कवीच्या नावावर एक शेर फिरू लागला. एका इब्राहिमने, म्हणजे पैगंबराने, मूर्ती फोडल्या आणि या दुसऱ्याने मांडल्या, असा त्याचा रोख. १५३२ मध्ये फिगानीला फाशी झाली. इथे इब्राहिमबद्दलची माझी सहानुभूती बरीच कमी होते.

त्यानंतर इराणची मोहीम. तो पुढे गेला, १५३४ मध्ये तब्रीझ घेतलं, त्याच वर्षी बगदादही हाती आलं. पण या मोहिमेत तो स्वतःच्या पदवीत 'सुलतान' हा शब्द लावू लागला. खजिन्याचा मुख्य अधिकारी इस्कंदर चेलेबी याच्याशी त्याचं वाजलं होतं. १५३५ मध्ये बगदादला त्यालाही फासावर चढवलं.

१५ मार्च १५३६. रमजानचे दिवस. इब्राहिम नेहमीसारखा तोपकापी महालात सुलतानाकडे जेवायला गेला, मुक्कामही तिथेच. त्याच रात्री त्याचा गळा आवळला गेला. खटला नाही, जाहीर कारण नाही. सुलेमानची बायको हुर्रेम हिचा हात होता असं म्हणतात. इब्राहिमचा कल तिच्या सावत्र मुलाकडे, मुस्तफाकडे होता. पण मला ती 'सुलतान' पदवी जास्त महाग पडलेली वाटते.

लोक त्याला 'मकबूल' म्हणायचे, म्हणजे लाडका. आता म्हणू लागले 'मक्तूल', ज्याची कत्तल झाली तो. वाडा, दागिने, घोडे, सगळं सुलतानाच्या खजिन्यात जमा झालं. कारण तेरा वर्षं साम्राज्य चालवणारा हा माणूस कायद्याने शेवटपर्यंत सुलतानाचा दासच होता. त्याच्या जागी आला आयास मेहमेद पाशा. मूळचा अल्बानियाचा, आणि तोही सुलतानाचा दासच.