होमरचं कोडं सोडवायला हार्वर्डचा प्रोफेसर थेट एका निरक्षर खाटकाकडे गेला होता

इलियड आणि ओडिसी होमरने लिहिली, हे आपण शाळेपासून ऐकतोय. पण लिहिली म्हणजे खरंच बसून लिहिली का? या प्रश्नामागे मिलमन पॅरीने आपलं उणंपुरं ३३ वर्षांचं आयुष्य घालवलं.

पॅरीचा जन्म १९०२ चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. बर्कलीत ग्रीक शिकून तो पॅरिसला गेला. होमरच्या काव्यात एक गंमत आहे. अकिलीस नुसता बसलेला असला तरी त्याला चपळ पायांचा म्हटलेलं असतं. असं का? पॅरीने अशी विशेषणं अक्षरशः मोजून काढली. १९२८ च्या प्रबंधात त्याने दाखवलं की, ओळीत जेवढी जागा उरते त्या मापाचं विशेषण येतं. आणि असा तयार साठा एकटा कवी बनवू शकत नाही, तो पिढ्यानपिढ्या जमत जातो.

प्रबंधाच्या परीक्षेला त्याचे गुरू आंत्वान मेये यांनी मातिया मुर्को यांना बोलावलं होतं. मुर्को युगोस्लाव्हियातल्या लोकगायकांचे अभ्यासक. तिथून पॅरीला पुढची वाट सापडली. पुस्तकातला होमर मुका होता, हे गायक मात्र अजून गात होते.

हार्वर्डमध्ये शिकवत असताना १९३३ मध्ये आणि पुन्हा १९३४-३५ मध्ये तो तिकडे गेला. दुसऱ्या खेपेला सोबत विद्यार्थी आल्बर्ट लॉर्ड आणि खास बनवून घेतलेलं रेकॉर्डिंग मशीन. त्याला दोन तबकड्या, एक भरली की दुसरी सुरू, म्हणजे गाणं मध्येच तुटायला नको.

बियेलो पोल्येला त्याला अव्दो मेजेदोविच भेटला. पूर्वी खाटीककाम केलेला, लिहिता-वाचता न येणारा. पॅरीने त्याची परीक्षाच घेतली. दुसऱ्या गायकाला अव्दोने कधी न ऐकलेलं गाणं गायला लावलं, साधारण २,३०० ओळींचं. मग अव्दोला म्हणाला, आता तू गा. अव्दोने तीच कथा ६,३०० ओळींच्या वर नेली! पाठांतराने हे होत नाही, गाता गाताच रचावं लागतं. दुसरं एक काव्य तर त्याने १२ हजारांवर ओळींचं सांगितलं, म्हणजे जवळपास ओडिसीएवढं. एवढं मोठं काव्य लिहिल्याशिवाय होणारच नाही म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत झाली.

साडेतीन हजारांवर ॲल्युमिनियमच्या तबकड्या घेऊन पॅरी परतला. त्याच वर्षी, ३ डिसेंबर १९३५ ला, लॉस एंजेलिसच्या हॉटेलात पिस्तुलाची गोळी लागून तो गेला. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली.

त्याच्या नियोजित पुस्तकाची जेमतेम काही पानं झाली होती. लॉर्डने पुढे अनेक वर्षं खपून १९६० मध्ये स्वतःचं पुस्तक आणलं, 'द सिंगर ऑफ टेल्स'. हे नाव पॅरीनेच ठरवून ठेवलेलं होतं.